घरांतील लहानसा समुद्र : पहिल्या काचपेटीचें साहित्य

शहरांतील घरांतून शोभेच्या माशांच्या काचपेट्या आतां नवलाच्या राहिलेल्या नाहींत. गप्पी, मोली, गोल्डफिश इत्यादि गोड्या पाण्यांतील मासे पाळण्याची हौस दोन-तीन पिढ्यांपासून आपल्या परिचयाची आहे. मुंबईस १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि तें पाहून आलेल्या कित्येक मुलांनीं घरीं पाऊल टाकतांच वडिलांपाशीं काचपेटीचा हट्ट धरला असेल. अलीकडे ही हौस एक पायरी पुढें गेली आहे. २००३ सालीं निघालेल्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटानें नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन मासा मुलांच्या ओळखीचा करून दिला, आणि खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळखडकासारखी रचना केलेल्या लहान पेट्या मध्यमवर्गीय गृहस्थाच्या दिवाणखान्यांतहि येऊं लागल्या. त्या दिसतात मोठ्या मोहक. परंतु गोड्या पाण्याची पेटी सांभाळणें आणि खाऱ्या पाण्याची सांभाळणें यांत, कुंडींत तुळस लावणें आणि केशराची शेती करणें यांत आहे तेवढें अंतर आहे. पहिलींत चूक खपते. दुसरींत ती सहसा खपत नाहीं.

अशा पेटीसाठीं काय घ्यावें, कोणत्या क्रमानें घ्यावें, आणि काय मुळींच घेऊं नये, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. सिद्धान्त आरंभींच सांगून ठेवितों : जें डोळ्यांस दिसत नाहीं त्यावर आधीं खर्च करावा, आणि जें दिसतें त्यावर शेवटीं. शुद्ध पाणी, अचूक माप, अखंड प्रवाह आणि पुरेसा काल या चार गोष्टी अदृश्य आहेत. झगझगीत दिवा आणि रंगीत मासा या दृश्य आहेत. दुकानांत गेलेल्या मनुष्याचें मन साहजिकच दृश्य वस्तूंकडे धांवतें. खरेदीचा क्रम उलटा झाला म्हणजे त्याची किंमत धन्यास पैशानें द्यावी लागते आणि माशास प्राणानें.

प्रवाळ आणि कायदा

अमरकोशांत विद्रुम व प्रवाल हे शब्द एकाच वस्तूचीं नांवें म्हणून दिलेले आहेत. संस्कृतांत प्रवाल शब्दाचा दुसरा अर्थ कोंवळा पालव असाहि आहे. समुद्राच्या तळाशीं फांद्या फुटल्यासारखी दिसणारी ही वस्तु वनस्पतींत गणली गेली असल्यास आश्चर्य नाहीं. युरोपांतहि अठराव्या शतकापर्यंत समजूत हीच होती. १७२० नंतरच्या दशकांत पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें प्रवाळ हा प्राणी असल्याचें प्रतिपादन केलें, तेव्हां तत्कालीन विद्वानांस तें पटेना. आज आपणांस ठाऊक आहे कीं, दोन्ही मतांत तथ्य आहे. खडक रचणारा प्रवाळ हा प्राणीच. पण त्याच्या देहांत सूक्ष्म शैवालें वास करितात, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करितात, आणि त्यांतील मोठा वांटा आपल्या यजमानास देतात. नेहमींच्या उन्हाळ्यांतील कमाल तपमानाहून एखादाच अंश अधिक उष्णता कांहीं आठवडे टिकली, तर हा सहवास मोडतो. शैवालें निघून जातात आणि प्रवाळ पांढरा फटफटीत पडतो. लक्षद्वीपच्या खडकांनीं १९९८, २०१० आणि २०१६ या सालीं हा प्रसंग अनुभविला आहे. सबंध हिंदी महासागराच्या कुशींत राहणाऱ्या जीवाची जर एका अंशानें ही अवस्था होते, तर वैशाख महिन्यांत बंद घरांतील चार बादल्या पाण्यांत त्याचें काय होईल, हें वाचकांनींच ताडावें.

दुसरी गोष्ट कायद्याची. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं सर्व पाषाणप्रवाळ, काळे प्रवाळ आणि सागरपंखे यांचा समावेश करण्यांत आला. वाघास जें संरक्षण, तेंच यांस. समुद्रांतून ते काढणें किंवा त्यांचा व्यापार करणें हा गुन्हा आहे. आणि मृत तुकड्यासहि तोच न्याय लागू असल्यामुळें, मालवणच्या किनाऱ्यावरून आठवण म्हणून उचललेला प्रवाळाचा सांगाडा काचपेटींत मांडणें हें निरुपद्रवी कृत्य नव्हे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचें काम चाललें असतां, २०२० सालीं वरळी व हाजी अली येथील खडकांवरील प्रवाळांच्या वसाहती वनखात्याची परवानगी मिळवून जपून दुसरीकडे हलवाव्या लागल्या, हें पुष्कळांच्या वाचनांत आलें असेल. एवढ्या प्रचंड कामास जो नियम लागू, तो आपल्या दिवाणखान्यास लागू नाहीं असें कोण म्हणेल ? 'हें परदेशांतून आलेलें आहे' किंवा 'हा मऊ जातीचा आहे' असें दुकानदार सांगेल. तो खरेंहि बोलत असेल. तथापि लेखी पुरावा व वनखात्याचा निर्वाळा हातीं आल्यावांचून त्याच्या शब्दावर विसंबूं नये.

तेव्हां आपल्याकडील पहिली पेटी ही प्रवाळावांचूनची प्रवाळपेटी असावी, असें माझें स्पष्ट मत आहे. खडक असावा, पण भट्टींत भाजलेल्या सच्छिद्र मातीचा किंवा सिमेंटाचा. प्रवाह, क्षारता आणि स्वच्छता मात्र खऱ्या प्रवाळखडकावर असते तशी असावी. आणि मासे मनुष्याच्या देखरेखीखालीं जन्मलेले असावे. यांत कमीपणा कांहीं नाहीं. साहित्याच्या निवडीस उलट यामुळें मोठें सौकर्य येतें, कारण सर्वांत महाग उपकरणें प्रवाळासाठींच लागतात.

पेटी आणि तिची जागा

काचेंत समुद्र सांठविण्याची कल्पना फार जुनी नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि त्याच्या उभारणींत ज्यांचा हात होता त्या फिलिप हेन्री गॉस यांनीं पुढच्याच वर्षीं या विषयावर पुस्तक लिहून घरोघर हें वेड पसरविलें. त्या काळच्या बहुतेक पेट्यांतील जीव लौकरच मरत. कारण मेलेल्या-सडलेल्याचें काय करावें, हें कोणास नीट उमगलेलें नव्हतें. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें मातींतील अमोनियाचें रूपांतर करणारे जंतु वेगळे काढून दाखविले, तेव्हां त्या कोड्याची किल्ली सांपडली. आणि १९६१ सालीं जकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनीं समुद्रांतील सजीव दगड व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्रवाळपेटी चालते, हें लिहून प्रसिद्ध केलें. म्हणजे पेटीचें खरें हृदय दगडांत व पाण्याच्या हालचालींत आहे, ही गोष्ट साठ वर्षांपूर्वींच सिद्ध झालेली आहे. ज्याला यंत्रांची यादी पाहून घाबरल्यासारखें होतें, त्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पहिली पेटी अगदीं लहान घेऊं नये. लहान पेटी सोपी, हा समज चुकीचा आहे. भांडें जितकें लहान, तितकें त्यांतील पाणी लौकर तापतें, लौकर आटतें आणि लौकर नासतें. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच अशी पेटी मध्यम कुटुंबास पुरे. हिशेब करूं : ६० × ४० × ४० म्हणजे ९६,००० घन सेंटिमीटर, अर्थात् ९६ लिटर. वरची बोटभर-दोनबोटें जागा रिकामी राहते, कांहीं जागा दगड घेतात. प्रत्यक्षांत पाणी सुमारें ८० लिटर मावतें. खाऱ्या पाण्याचें वजन लिटरास एक किलोहून थोडें अधिक. त्यांत दगड, वाळू, काच मिळवली म्हणजे एकंदर भार सव्वाशें किलोपर्यंत सहज जातो. एवढा भार शोकेसवर किंवा पुस्तकांच्या कपाटावर ठेवूं नये. लोखंडी किंवा जाड प्लायची स्वतंत्र घडवंची करावी, तिच्यावर पाणसळ लावून पातळी तपासावी, आणि पेटीखालीं थर्मोकोलचा पातळ तक्ता घालावा. काच ८ मिलिमीटरहून पातळ घेऊं नये.

जागा निवडतांना खिडकीचें ऊन टाळावें आणि देवघराशेजारची भिंतहि टाळावी. याचें कारण पुढें येईल.

पाणी, मीठ आणि माप

खर्चाचा पहिला मान पाण्याचा. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतें, विहिरीच्या व बोअरच्या पाण्यांत क्षार असतात. नायट्रेट, फॉस्फेट, क्वचित् तांबें हीं द्रव्येंहि असूं शकतात. घरांत पिण्याच्या पाण्याचें आर. ओ. यंत्र आहे, तेंच वापरूं, असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्यांतील कित्येक यंत्रें चवीसाठीं कांहीं क्षार पुन्हां पाण्यांत मिसळतात. मत्स्यालयास हवें तें पाणी पडद्यांतून गाळल्यावर राळेच्या नळींतून जाऊन सर्वथा निःक्षार झालेलें, म्हणजे टी. डी. एस. मापकावर शून्य दाखविणारें असावें. हें यंत्र स्वतंत्र घ्यावें, किंवा खात्रीच्या ठिकाणाहून असें पाणी विकत आणावें.

मीठ म्हणजे स्वयंपाकघरांतलें मीठ नव्हे, सैंधवहि नव्हे. समुद्रांत सोडियम क्लोराइडाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि कर्ब-क्षार ठराविक प्रमाणांत असतात. तें प्रमाण राखून तयार केलेलें मत्स्यालयाचें मीठ घ्यावें. मुंबईकर विचारतील कीं, समुद्र दारांत असतां मीठ विकत कां आणावें ? त्याचें उत्तर असें कीं, शहराजवळच्या किनाऱ्याचें पाणी सांडपाण्यानें दूषित असतें, आणि पावसाळ्यांत त्याची क्षारताहि उतरते. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबानें ८० लिटरांस २,८०० ग्रॅम. पाकिटांतील मिठांत थोडा ओलावा धरलेला असतो म्हणून सुमारें ३ किलो. मीठ पाण्यांत घालावें, मिठावर पाणी ओतूं नये. आणि तें पेटीबाहेर, प्लास्टिकच्या स्वच्छ पिंपांत, पंप लावून एक दिवस घोळवावें.

यानंतर मापाचीं साधनें. क्षारता मोजण्यास स्वस्त तरंगत्या मापकापेक्षां प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, आणि त्याबरोबर ३५ प्रमाणाच्या द्रावणाची बाटली घेऊन महिन्यांतून एकदां तो जुळवावा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ यांच्या दरम्यान असावें. तपमापक एक नव्हे, दोन असावे. एक खोटें बोलला तर दुसरा साक्ष देतो. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पी. एच. आणि क्षारीयता मोजणारे थेंबांचे संच घ्यावे, व त्यांवरील मुदत पाहून घ्यावी. हीं सर्व साधनें मिळूनहि एका चांगल्या दिव्याहून स्वस्त पडतात. आणि तीं नसलीं तर बाकीचा सर्व खर्च अंधारांत बाण मारल्यासारखा होतो.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वाफ होऊन जातें तें पाणी. मीठ मागें राहतें. ८० लिटरांतील ४ लिटर आटलें, तर क्षारता ३५ वरून ३५ × ८० ÷ ७६, म्हणजे जवळजवळ ३७ वर जाते. म्हणून आटलेल्याची भर रोज आणि गोड्या, निःक्षार पाण्यानेंच घालावयाची. खारें पाणी फक्त आठवड्यांतून एकदां, सुमारें दशांश पाणी बदलतांना. हा भेद घरांतील प्रत्येकास समजला पाहिजे. गणपतीस सारें कुटुंब पांच दिवस कोंकणांत जाणार असेल, तर पातळी उतरतांच भर घालणारा स्वयंचलित पंप आधींच बसवून, घरीं असतांना पंधरा दिवस त्याची परीक्षा घ्यावी.

प्रवाह आणि दगड

माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया उत्पन्न होतो. समुद्राचें पाणी किंचित् क्षारधर्मी, पी. एच. ८.१ ते ८.३ असल्यामुळें त्यांतील अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्याहून अधिक असतो. खाऱ्या पेटींत चूक खपत नाहीं म्हणून आरंभीं म्हटलें, त्याचें हें मुख्य कारण. दगडांच्या छिद्रांत राहणारे जंतु अमोनियाचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करितात. या जंतूंना घर म्हणून ८ ते १० किलो सच्छिद्र कृत्रिम दगड पुरेसा होतो. तो पेटीच्या तळावर पक्का बसवावा, मग वाळू पसरावी. वाळूवर दगड रचला तर ती सरकून ढांसळतो आणि काच फुटते. दगडांमधून पाणी खेळेल अशा गुहा ठेवाव्या.

प्रवाहासाठीं वेव्हमेकर म्हणतात तो पंप घ्यावा. तासांत पेटींतील पाणी दहा ते वीस वेळां फिरावें, अशी साधारण मर्यादा आहे. ८० लिटरांस ८०० ते १,६०० लिटर क्षमतेचा पंप होतो. एका मोठ्यापेक्षां दोन लहान पंप बरे, कारण एक बंद पडला तरी दुसरा श्वास चालूं ठेवतो. श्वास हा शब्द येथें अलंकारिक नाहीं. २५ अंशांवर गोड्या पाण्यांत लिटरामागें सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, समुद्राच्या पाण्यांत ७ हून कमी. आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहिला तरच तो भरून निघतो. जोडीला पेटीच्या कडेला टांगण्याचा साधा फिल्टर असावा. त्यांतील स्पंज दर आठवड्यास पेटींतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्यांत पिळून धुवावा.

उष्णता

आपल्या देशांत हीटरहून गारव्याची चिंता मोठी. पाणी २४ ते २७ अंशांत राहावें. पुण्या-नाशकाकडे हिंवाळ्यांत १०० वॅटचा, आपोआप बंद होणारा हीटर लागतो. मुंबईत तो क्वचित् लागतो. उन्हाळ्यांत मात्र दोन्हीकडे उपाय करावा लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा लहान पंखा बसविला, तर माठांतलें पाणी ज्या न्यायानें गार होतें त्याच न्यायानें पेटी दोन-तीन अंश उतरते. पण माठ जसा दमट हवेंत नीट गार होत नाहीं, तसाच हा पंखाहि पुण्याच्या कोरड्या उन्हांत गुण देतो आणि मुंबईच्या घामट हवेंत निम्मा-शिम्मा. शिवाय त्यानें पाणी अधिक आटतें, ही दुसरी बाब. पंख्यानें भागत नसेल तर चिलर नांवाचें शीतयंत्र घ्यावें लागतें, आणि सगळ्या साहित्यांत महागांपैकीं तेंच. म्हणून पेटी विकत घेण्यापूर्वीं, चैत्र-वैशाखांत, ठरविलेल्या जागीं पाण्यानें भरलेली एक बादली ठेवून आठ दिवस दुपारीं तिचें तपमान टिपावें. तें ३० अंशांवर जात असेल, तर चिलरचा खर्च धरूनच अंदाज करावा, नाहींतर हा बेत सोडून द्यावा. बादलीनें दिलेला हा सल्ला कोणत्याहि दुकानदाराच्या सल्ल्याहून प्रामाणिक असतो.

दिवा आणि स्किमर

प्रवाळ नसल्यावर प्रखर निळ्या प्रकाशाचा महाग दिवा अनावश्यक आहे. मासे दिसावे व दिवसरात्रीचा फेरा कळावा एवढ्यासाठीं मध्यम एल. ई. डी. पुरतो. तो रोज ठराविक आठ तास, टायमर लावून चालवावा. जास्त प्रकाशानें शैवाल मात्र माजतें.

स्किमर हें यंत्र पाण्यांत बारीक बुडबुडे सोडून, त्यांस चिकटणारी सेंद्रिय घाण फेंसाच्या रूपानें बाहेर काढतें. किनाऱ्यावर लाट फुटतांना जो पिवळट फेंस सांचतो, त्याचीच ही घरगुती आवृत्ति. मोठ्या पेटीस तें उपयुक्त आहे. ८० लिटरांत दोन-तीन लहान मासे आणि आठवड्याचा नेमानें पाणीबदल असेल, तर पहिल्या वर्षीं त्यावांचून अडत नाहीं. तो पैसा मिठासाठीं व मापसंचांसाठीं राखून ठेवावा.

वीज आणि घरांतील इतर भयें

खारें पाणी विजेचें उत्तम वाहक आहे. पेटीच्या जोडणीस ३० मिलिअँपिअरवर तुटणारी आर. सी. सी. बी. इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावी. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्यापूर्वीं खालीं लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब प्लगांत न शिरतां जमिनीवर पडेल. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं खटके बंद करावे. मुलांना हा धडा पहिल्या दिवशींच द्यावा. वीज गेली असतां पेटीस दिवा नसला तरी चालतो, पंप नसला तर चालत नाहीं. घरांत इन्व्हर्टर असल्यास पंपाची जोडणी त्यावर द्यावी; पांच-दहा वॅटचा भार त्यास कळतहि नाहीं. इन्व्हर्टर नसेल, तर सेलवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा.

आतां देवघराची गोष्ट. आपल्या घरांत तांबें-पितळ हें पवित्र व आरोग्यदायक मानलें जातें. खाऱ्या पाण्यांतील शंख-गोगलगाई, कोळंबी व प्रवाळ यांना मात्र तांब्याचा अत्यल्प अंशहि घातक ठरतो. म्हणून पेटीसाठीं पाणी भरण्यास तांब्याची कळशी, पितळेची घागर, पितळी तोटी यांचा उपयोग करूं नये. सर्व भांडीं प्लास्टिकचीं, आणि तींहि साबण न लागलेलीं, वेगळीं ठेवावीं. तसेंच हवेचा पंप खोलींतील हवाच पाण्यांत ढकलतो. उदबत्तीचा व धूपाचा धूर, डांस मारण्याची वडी व द्रव, झुरळांचा फवारा हीं सर्व त्या वाटेनें पाण्यांत उतरतात. आणि डांसांच्या औषधांतील पायरेथ्रॉइड द्रव्यें मासे व कोळंबी यांस फार विषारी असतात. पेटी देवघरापासून दूर असावी असें म्हटलें तें यासाठीं. ज्या खोलींत रात्रीं डांसांचें औषध लागतें, तेथें मच्छरदाणी लावावी किंवा पेटी दुसऱ्या खोलींत न्यावी.

मासे आणि त्यांचें अन्न

क्लाऊन मासा हा पहिल्या पेटीस योग्य, कारण तो बंदिवासांत वाढतो व वितो. त्याच्या प्रजननाची पद्धति आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें बसविली आहे. नवी मुंबईत ऐरोली येथें कांदळवन प्रतिष्ठानच्या पुढाकारानें अशा सागरी शोभेच्या माशांची पैदास करण्यांत आली आहे. मासा घेतांना 'पैदास केलेला कीं समुद्रांतून पकडलेला' हा प्रश्न अवश्य विचारावा. आग्नेय आशियाच्या समुद्रांत मासे गुंगविण्यासाठीं सायनाइड फवारण्याची चाल बेकायदा असूनहि चालत आली आहे, आणि त्यानें माशाबरोबर खडकहि मरतो. चित्रपटांत क्लाऊनचें घर म्हणून दाखविलेलें समुद्रफूल नवख्यानें घेऊं नये. त्यावांचून हा मासा सुखानें राहतो. निळा टँगहि घेऊं नये. तो मोठेपणीं फूटभर होतो.

अन्नाविषयीं एक अडचण स्पष्ट बोललेली बरी. माशांसाठीं गोठविलेल्या कोळंबीचे तुकडे फ्रीझरमध्यें ठेवावे लागतात, असें सांगितलें जातें, आणि शाकाहारी घरांत तेथेंच बेत फिसकटतो. पैदास केलेले क्लाऊन सुक्या बारीक गोळ्या आनंदानें खातात. त्या गोळ्यांत मत्स्यचूर्ण असतें, हें खरें. पण त्या बंद डब्यांत, स्वयंपाकघराबाहेर राहतात. ज्यास एवढेंहि रुचत नसेल, त्यानें मांसाहारी प्राणी घरांत आणूं नये. त्यास शाकाहारी करण्याचा प्रयत्न म्हणजे त्यास उपाशी मारणें होय.

एकत्र कुटुंबांत भय उपासमारीचें नसून अतिभोजनाचें असतें. सकाळीं आजोबा चिमूटभर घालतात, शाळेंतून आलेला नातू घालतो, सायंकाळीं काकू घालतात, आणि पाहुण्यांस मासे दाखवितांना आणखी एकदां होतें. न खाल्लेला प्रत्येक कण अमोनिया होतो. म्हणून अन्नाचा डबा एकाच्या स्वाधीन असावा. आणि पुढें कधीं पेटी मोडावी लागलीच, तर मासे खाडींत सोडूं नयेत. ते दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावे.

शेवटचें साधन

खर्चाचे दहा भाग केले, तर माझ्या मतें तीन भाग पाणी, मीठ व माप यांस, तीन पेटी, घडवंची व दगड यांस, दोन प्रवाह व वीजसुरक्षा यांस, एक दिव्यास आणि एक माशांस द्यावा. चिलर लागल्यास तो याहून निराळा. पण एक साधन बाजारांत मिळत नाहीं, आणि तें सर्वांत आवश्यक आहे. पेटी खाऱ्या पाण्यानें भरून, दगड रचून, जंतूंना अन्न म्हणून थोडा अमोनिया घालून ती मासा न सोडतां चालवावी लागते. जंतूंची वसाहत बसून अमोनिया व नायट्राइट शून्यावर येण्यास बहुधा चार ते सहा आठवडे, क्वचित् अधिक, लागतात. मध्यंतरीं दगडांवर तपकिरी साय धरते, मग हिरवें शैवाल येतें. तें सर्व क्रमप्राप्त आहे.

या काळासाठीं एक दोनशेंपानी वही आणावी. तींत रोज तपमान, क्षारता आणि घातलेल्या गोड्या पाण्याचें माप, व आठवड्यांतून दोनदां अमोनिया व नायट्राइट यांचे आंकडे लिहावे. लिहिण्याची पाळी घरांतील मुलांनीं वांटून घ्यावी आणि मोठ्यांनीं खालीं सही करावी. साठ दिवस एकहि रकाना रिकामा न राहतां ही वही भरली, आणि शेवटच्या आठवड्यांतील अमोनिया व नायट्राइट शून्य निघालें, तर त्या घरानें खुशाल दोन लहान क्लाऊन आणावे. नीट जपल्यास ते दहा वर्षांहूनहि अधिक जगतात. वही मध्येंच थांबली, तर पेटी, पंप, मापक सर्व जसेच्या तसे विकतां येतात, आणि कोणाचा जीव गेलेला नसतो.